चांद्याचे लोखंड आणि जमशेटजी टाटा

एटापल्लीहून आलापल्लीकडे येणाऱ्या रस्त्याने ज्यांनी अलीकडे प्रवास केला असेल, त्यांना तेथील तांबड्या धुळीची ओळख करून देण्याची गरज नाही. सूरजागडच्या डोंगरातून काढलेले लोहखनिज घेऊन ट्रकमागून ट्रक ह्या रस्त्याने जात असतात. साग, मोह आणि तेंदू यांची पाने पावसाळा येईपर्यंत तांबडीच असतात. ज्या डोंगरातून हे खनिज येते, तो डोंगर माडिया बांधवांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण आहे. जानेवारी महिन्यात तेथे यात्रा भरते आणि भोवतालच्या गावांतील माणसे पायी चालत डोंगर चढतात. आमच्या महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थी ह्याच गावांतून येतात. ह्या लोखंडाने आपले काय होणार, हा त्यांच्या मनातला प्रश्न पुस्तकातला नाही, रोजच्या जगण्यातला आहे.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चांदा, म्हणजेच आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. ह्या चांदा जिल्ह्यातील लोखंडाने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाला असे वेड लावले की, ते त्याच्या अखेरच्या श्वासापर्यंत सुटले नाही. तो माणूस म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा. जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना सर्वांना ठाऊक असतो, परंतु त्याचे मूळ स्वप्न आपल्या चांद्याच्या मातीत रुजले होते, हे आपल्याच जिल्ह्यातील फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. म्हणून ह्या थोर पुरुषाच्या चरित्राची ओळख आपल्या बाजूने करून घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपदेशकांचे. वडील नसरवानजी यांनी ती परंपरा मोडून मुंबईला व्यापार सुरू केला आणि मुलालाही तेथे बोलावून घेतले. एल्फिन्स्टन संस्थेत जमशेटजींचे शिक्षण झाले. १८५८ मध्ये ते पूर्ण करून ते वडिलांच्या पेढीत शिरले आणि लगेचच हाँगकाँगला गेले. पुढे कापसाच्या व्यापारासाठी ते इंग्लंडला गेले, त्या सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर तडाखा बसला. परक्या देशात देणेकऱ्यांना तोंड देण्याची पाळी ह्या तरुणावर आली. त्याने काहीही न लपवता खरी स्थिती सर्वांपुढे मांडली आणि त्या सचोटीमुळेच पत सांभाळली गेली. १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. तेथून टाटांच्या उद्योगाचा खरा आरंभ होतो.

विदर्भाशी त्यांचा संबंध आला तो कापसामुळे. कापड गिरणी काढायची तर ती मुंबईत, असा त्या वेळचा रिवाज होता. जमशेटजींनी विचार केला की जेथे कापूस पिकतो तेथेच तो का विणू नये? शिवाय नागपूरला रेल्वे होती आणि वरोऱ्याच्या दगडी कोळशाच्या खाणीही फार दूर नव्हत्या. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती. ती भरण्यासाठी ते गाड्यांवर गाड्या माती ओतत असलेले पाहून, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे एका स्थानिक सावकाराला वाटले आणि त्याने पैसे देण्याचे नाकारले. पुढे त्या मातीतून खरोखरच सोने निघाले, हे त्याला कबूल करावे लागले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

ही गिरणी केवळ नफ्याचे यंत्र नव्हती. हवेशीरपणा, आगीपासून संरक्षण, कामगारांच्या सोयी यांकडे तेथे आरंभापासून लक्ष दिले गेले. १८८६ मध्ये तेथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघातात सापडलेल्यांना भरपाई देण्याची पद्धत आली. असे कायदे ह्या देशात त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण शेवटी आपल्याला त्याकडे परत यावयाचे आहे.

१८८२ साली जमशेटजींच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी तो लिहिला होता. जिल्ह्यात लोहखनिज विपुल आहे, त्यातही लोहारा येथील साठा उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा त्याला जवळ आहे, असे त्यात होते. जमशेटजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. एका बाजूला लोखंडाची टेकडी, दुसऱ्या बाजूला कोळशाची खाण आणि मध्ये थोडेसे अंतर. एखाद्या उद्योजकाला याहून अधिक काय हवे? त्यांनी खनिजाची आणि कोळशाची चौकशी सुरू केली. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने बरोबर घेऊन ते तपासण्यासाठी जर्मनीला नेले. उत्तर निराशाजनक आले. तो कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा नव्हता.

कोळसा तो कोळसा, त्यात कामाचा आणि बिनकामाचा असे काय असते, असा प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. येथे थोडे रसायनशास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. प्राणवायू काढून टाकण्यासाठी भट्टीत कार्बन लागतो. आपल्या भागातील जुने कारागीर हे काम मातीच्या लहान भट्ट्यांत, भात्याच्या साहाय्याने आणि लोणारी कोळशावर करीत. लाकडाच्या कोळशात गंधक जवळजवळ नसते, म्हणून त्यांचे लोखंड चिवट आणि चांगले होई. परंतु मोठी झोतभट्टी लाकडावर चालवायची, तर जंगलेच्या जंगले संपतील. म्हणून दगडी कोळसा बंदिस्त भट्टीत तापवून त्याचा कोक करावा लागतो. कोक कठीण आणि सच्छिद्र असतो. खनिज आणि चुनखडी यांचा प्रचंड भार तो भट्टीत पेलून धरतो आणि त्याच्यातून झोताची हवा खेळती राहते. वरोऱ्याच्या कोळशात ओल फार होती. तापवला की त्याचा कोक न बनता भुगा होई. इंजिनाच्या बॉयलरखाली तो जळेल, पण झोतभट्टीत उभा राहणार नाही.

दुसरा शत्रू म्हणजे गंधक. दगडी कोळसा फोडला की त्यात कधी कधी सोन्यासारखे चमकणारे कण दिसतात. ते सोने नसून लोखंड आणि गंधक यांचे संयुग असते. हवा व पाणी लागले की ते तापते. कोळशाचे ढीग आपोआप पेट घेतात त्याला जी कारणे आहेत, त्यांपैकी हे एक. खाणीतले पाणी आंबट होते तेही ह्याच कारणाने. असा कोळसा भट्टीत गेला, तर गंधक लोखंडात उतरते. गंधक मुरलेले लोखंड थंड असताना धडधाकट दिसते, पण लाल तापवून त्यावर घण घातला की ते तडकते. असल्या लोखंडाचा रूळ करता येत नाही. गंधक ओढून घेण्यासाठीच भट्टीत चुनखडी घालतात. ती त्याला आपल्यात सामावून मळीच्या रूपाने बाहेर काढते. तेव्हा लोखंडाचा कारखाना म्हणजे नुसता लोखंडाचा डोंगर नव्हे. योग्य कोळसा, चुनखडी, भरपूर पाणी, रेल्वे आणि जाणती माणसे इतक्या साऱ्या गोष्टी एकत्र याव्या लागतात. चांद्याने जमशेटजींना पहिला धडा दिला तो हा.

त्यात भर म्हणून त्या काळचे खाणींच्या परवान्याचे नियम इतके जाचक होते की, कोणी शहाणा माणूस त्यात पैसा घालता ना. जमशेटजींनी तो बेत बाजूला ठेवला, पण टाकून दिला नाही. मध्यंतरी त्यांनी मुंबईची स्वदेशी मिल काढली, पश्चिम घाटाच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याची योजना आखली आणि १८९८ मध्ये विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. पुढे त्यातूनच बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. परंतु देशात कोठे लोखंडाचा शोध लागल्याचे कळले, की त्यासंबंधीचे कागद ते जपून ठेवीत. अशी सतरा वर्षे गेली.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत खाणींचे नियम सैल झाले. त्याच वर्षी मेजर माहोन यांनी हिंदुस्थानात लोखंडाचा कारखाना काढण्याची वेळ आली आहे, असा अहवाल दिला. जमशेटजी साठीला आले होते, प्रकृती बरी नव्हती. तरीही १९०० साली ते लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले आणि त्यांचा पाठिंबा मिळवून आले. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले. क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, अलाबामातील बर्मिंगहॅम अशी पोलादाची गावे त्यांनी विद्यार्थ्यासारखी पालथी घातली. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन ह्या सल्लागार अभियंत्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी त्याला ह्या कामात ओढले. पेरिनने आपला सहकारी भूस्तरशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यास हिंदुस्थानात पाठवले.

आणि मग सुरू झाली चांद्याच्या जंगलातील भटकंती. वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि जमशेटजींचे भाचे शापूरजी सकलातवाला असे तिघे बैलगाडीतून रानोमाळ हिंडले. दाट जंगल, वाघांची भीती, पाण्याचे दुर्भिक्ष आणि हिवताप. मुंबईच्या बंगल्यात वाढलेली ही माणसे तंबूत राहू लागली. शापूरजींच्या प्रकृतीवर ह्या जंगलवासाचा परिणाम झाला. १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांचे आयुष्य निराळ्याच वाटेला लागले. उद्योगपतीच्या ह्या भाच्याने मजुरांची बाजू घेतली आणि १९२२ मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेला. चांद्याच्या जंगलाने कोणाला काय दिले, ह्याचा हिशेब मांडणे असे कठीण असते.

वेल्डचा निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. चांद्याचे खनिज चांगले आहे, पण ते तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहे आणि त्याला साजेसा कोळसा जवळपास नाही. मोठा कारखाना येथे चालणार नाही. वीस वर्षे उराशी बाळगलेले स्वप्न संपले. दोराबजी हे सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचे ते अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात, नागपूरकरांच्या अजबबंगल्यात, शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण गडद रंगात दाखवली होती. दोघे धल्ली-राजहराच्या डोंगरावर जाऊन पाहतात तो पायांखाली लोखंडच लोखंड! पण तेथेही कोळसा आणि पाणी आड आले. त्या डोंगराचे भाग्य पुढे १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याने उघडले. ती खूण नकाशावर आली होती ती प्रमथनाथ बोस ह्या बंगाली भूस्तरशास्त्रज्ञाच्या पाहणीमुळे. तेच बोस आता मयूरभंज संस्थानच्या नोकरीत होते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी टाटांना पत्र पाठवून मयूरभंजातील लोखंडाच्या डोंगरांची माहिती कळवली. तेथून झरियाचा कोकयोग्य कोळसाही आटोक्यात होता. त्यात राख थोडी अधिक असली, तरी गंधक कमी होते. ज्याच्यासाठी बावीस वर्षे धडपड केली ते सारे अखेर एका ठिकाणी जुळून येण्याची चिन्हे दिसू लागली.

परंतु ते पाहण्याचे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. प्रकृती ढासळल्यामुळे ते युरोपात गेले होते. मार्चमध्ये त्यांच्या पत्नी हिराबाई वारल्या आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींनी देह ठेवला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, हाती लोखंडाचा एकही रूळ न येता.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा दोराबजींनी स्वदेशीच्या त्या वातावरणात आपल्या लोकांपुढे हात पसरला. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तिचे भाग विकत घेऊन भांडवल उभे केले. सुवर्णरेखा आणि खरकाई ह्या नद्यांच्या संगमाजवळ साकची येथे कारखाना उभारला गेला. डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद बाहेर पडले. त्याच १९१२ साली तेथे आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला. पहिल्या महायुद्धातील कामगिरीची पोच म्हणून १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले.

गंधकाची कथाही येथे पुरी करावी. कोकभट्टीतून निघणाऱ्या वायूत अमोनिया असतो. तो गंधकाम्लात शोषून घेतला की अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. ज्या गंधकाने लोखंड नासते, त्याचेच आम्ल पोलादाच्या गावात असे शेतकऱ्याच्या उपयोगी पडू लागले. मात्र हे आम्ल हाताळताना ते हळूहळू पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, नाहीतर ते उसळून अंगावर येते. प्रयोगशाळेत विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला हा पहिला नियम शिकवतात. शक्ती तीच; ती कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने योजायची, ह्यावर तिचे फळ ठरते.

जमशेटजींच्या चरित्रातील मला सर्वांत हृद्य वाटणारा प्रसंग कारखान्याचा नाही, पत्राचा आहे. १९०२ मध्ये, कारखान्याची जागासुद्धा ठरलेली नसताना, त्यांनी परदेशातून दोराबजींना लिहिले की, कामगारांचे गाव वसवताना रस्ते रुंद ठेवावेत, दुतर्फा लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत, हिरवळीला आणि बागांना भरपूर जागा सोडावी, खेळांची मैदाने असावीत आणि मंदिरे, मशिदी, चर्च यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात. भट्टी कोठे असेल हे माहीत नव्हते, पण माणूस कसा राहील ह्याचा विचार आधी झाला होता. एम्प्रेस मिलचा निधी आणि हे पत्र एकाच मनातून आले.

तथापि थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे योग्य नव्हे. साकची हे ओसाड माळरान नव्हते. त्या परिसरात संथाळ, हो अशा आदिवासींची गावे होती. मयूरभंजच्या खाणींत डोक्यावर खनिज वाहणारे हातही त्यांचेच. कारखाना आला, तशी त्यांची जमीन गेली. सावलीच्या झाडांचा विचार करणाऱ्या योजनेतही, जे आधीपासून झाडांच्या सावलीत राहत होते त्यांचे काय, हा प्रश्न पुरा सुटला नाही.

तोच प्रश्न आज सूरजागडच्या पायथ्याशी उभा आहे. २००७ मध्ये येथे खाणपट्टा दिला गेला. खाणकाम २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी येथील अनेक वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा चालू झाले. चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला आहे. कोणाला नोकरी लागली, कोणाच्या शेतात धूळ आली, कोणाची वाट रुंद झाली आणि कोणाच्या देवाची वाट अरुंद झाली. एकाच वर्गात शेजारी शेजारी बसणारे दोन विद्यार्थी ह्याविषयी दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

जमशेटजींना चांद्याचे लोखंड मिळाले नाही, कारण त्या वेळी त्याला जोड देणारा कोळसा नव्हता. आज यंत्रे बदलली, वाहतूक बदलली, चांद्याचे लोखंड बाहेर पडू लागले. आता उणीव आहे ती कोळशाची नव्हे. ह्या मुलुखातील माणसाला आपल्या डोंगराविषयीच्या निर्णयात किती स्थान, त्याच्या मुलाला भट्टीपाशी केवळ पहारेकरी म्हणून उभे राहावे लागणार की अभियंता म्हणून, आणि ठाकूरदेवाच्या यात्रेची जागा नकाशावर राखली जाणार की नाही, ह्या गोष्टी जुळून यावयाच्या आहेत. त्या जुळल्या नाहीत, तर हे लोखंड वरून धडधाकट दिसेल आणि पहिल्या घावालाच तडकेल.

विद्यार्थी मित्रहो, जमशेटजी बावीस वर्षे एका विचाराच्या मागे लागले. अहवाल वाचले, नमुने तपासले, उतारवयात शिकण्यासाठी परदेशी गेले आणि अपयश आले तेव्हा ते मान्य करून पुढची वाट शोधली. त्यांच्या मुलाला नवी दिशा सापडली ती नागपूरच्या संग्रहालयातील एका नकाशात. आपल्या डोंगराचे अहवाल, आपल्या गावाचे नकाशे आणि आपल्या ग्रामसभेचे ठराव वाचण्याची सवय आपणही लावून घेतली पाहिजे. लोखंड आपल्या पायांखाली आहे. त्याचे काय व्हावे हे ठरवताना आपण तेथे हजर असणे, हेच ह्या थोर पुरुषाचे आपल्या जिल्ह्यातील खरे स्मारक ठरेल.